दुरडीखालचे पीठ

किलब्रॅननची माणसे मंदाकिनीबाईंविषयी बोलताना आवाज खाली आणत. ही बाई पीठ पाहून खोटे सांगत नाही, असे ती म्हणत. आणि लगेच पुढे म्हणत, की तिला घरी बोलवायचे असेल तर आधी काळीज घट्ट करा, कारण तुमचे तोंड पाहून ती उत्तर बदलणार नाही. गावच्या हॉलच्या किल्ल्या जिच्याकडे असत ती निवृत्त शिक्षिका शपथेवर सांगे, की मंदाकिनीबाई दुरडी घेऊन निघाल्या की कुंपणापलीकडची गुरे चरायची थांबतात आणि माना वर करून बघतात. चर खणायचे यंत्र, म्हणजे डिगर, चालवणारा टेरेन्स यावर मोठ्याने हसे. गुरे कुणाहीकडे बघतात, त्यांना दुसरा उद्योग काय आहे, असे त्याचे म्हणणे. पण त्याची आई गेली त्या सकाळी त्याने पहिला फोन केला तो मंदाकिनीबाईंच्या घरी; अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्यांना नंतर.

हे सारे सुमेधाच्या कानांवर येई, कारण मंदाकिनीबाईंना इंग्रजी जेमतेम समजे आणि सुमेधा त्यांची सून, म्हणजे आपोआपच दुभाषी. ती पुण्याहून हॅमिल्टनला शिकायला आली होती. तिथेच तिची संग्रामशी ओळख झाली, लग्न झाले, आणि संग्रामने किलब्रॅननच्या टियर्नी कुटुंबाच्या फार्मवर गुरांची जबाबदारी घेतल्यावर फार्मच्या आवारातले लाकडी घर त्यांना राहायला मिळाले. सुमेधा रोज गाडीने हॅमिल्टनच्या कडेच्या रोटोटुनाला जाई. तिथल्या दातांच्या दवाखान्यात ती काम करी. दवाखान्यातल्या पांढऱ्या उजेडात सासूबाईंच्या पिठाची आठवण झाली की तिला थोडे अवघडल्यासारखे होई. संध्याकाळी घरी परतताना, रस्ता खाली उतरून दलदलीच्या सपाटीवर आला आणि दोन्ही बाजूंनी धुके चढू लागले, की मात्र ते अवघडलेपण उरत नसे.

किलब्रॅनन हे आयरिश माणसांनी वसवलेले गाव. त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा बोटीने आले, दलदलीत लांबच लांब चर खणून त्यांनी पाणी काढले, आणि मागे सोडलेल्या गावाचे नाव या काळ्या जमिनीला दिले. एक चर्च, एक हॉल, आठवड्यातले निम्मे दिवस बंद असणारा एक पब आणि दूध-पाव-वर्तमानपत्राची एक डेअरी, एवढाच गावाचा पसारा. जमीन मातीची नव्हेच. हजारो वर्षांच्या कुजलेल्या गवताची आणि झाडांची, जिला इथे पीट म्हणतात. ती स्पंजासारखी. दुधाचा टँकर रस्त्यावरून गेला की घराघरांतल्या कपाटांत कप किणकिणत. पाणी काढल्यापासून ही जमीन दर वर्षी थोडी थोडी खाली बसत आली आहे. खांबांवरची घरे जागच्या जागी राहिली, म्हणून दारापुढे वेळोवेळी नवी पायरी जोडावी लागे. आणि जमीन जशी खाली जाई तसे तिच्या पोटातले वर येई. काल जिथे सपाट कुरण होते तिथे आज एखाद्या प्राचीन झाडाचा काळा बुंधा डोके काढून उभा दिसे, पाऊस न पडताही ओला.

त्यामुळे टेरेन्स उन्हाळ्याच्या तोंडाशी चर साफ करायला यंत्र आणी तेव्हा टियर्नींच्या हद्दीत तो फार सावकाश काम करी. गाळाचा प्रत्येक घास उचलून तो क्षणभर हवेत धरी, पाणी निथळू देई, नीट पाही आणि मगच काठावर टाकी. कुंपणाशी दोन-चार माणसे येऊन उभी राहत. ती सारी कोलमची वाट पाहत असत.

कोलम टियर्नी हा फार्मची म्हातारी मालकीण उना हिचा मुलगा. बरीच वर्षे झाली, वसंतातल्या एका सकाळी तो चराचे पाणी बघून येतो म्हणून धुक्यात गेला. दुपारी त्याची चारचाकी बाइक काठावर सापडली, इंजिन चालू. बाजूला त्याचे गमबूट होते, जोडीने, देवळाबाहेर काढून ठेवावेत तसे. पोलीस आले, पाणबुडे आले, शेजारच्या गावांतून माणसे काठ्या घेऊन आली. पण त्या थंडगार काठावर धडधाकट माणसाने बूट का काढले, हे कुणाला सांगता आले नाही आणि कोलमही कुणाला सापडला नाही. पुढे कागदोपत्री तो मृत ठरला. उनाने तो कागद मुलीच्या हाती परत दिला. त्या दिवसापासून तिच्या स्वयंपाकघराचे मागचे दार कधी बंद झाले नाही, आणि तिची खुर्ची चराकडे तोंड करून राहिली.

मंदाकिनीबाई भोरकडच्या डोंगरातल्या. गावी अंगणवाडीत सेविका होत्या. लहान पोरांना अक्षरे आणि मोठ्या बायकांना दटावणी, दोन्ही त्यांनी सारख्याच आवाजात दिले. यजमान पुरुषोत्तमराव यांच्यासह त्या मुलाकडे आल्या तेव्हा सहा महिने राहून परतायचे ठरले होते. पण पुरुषोत्तमरावांना ही सपाटी आवडली. व्हरांड्यात बसून ते दिवसभर गुरे बघत आणि समोरच्या उनाबाईला हात करत. एका दुपारी हात करण्यासाठी उचललेला त्यांचा हात खाली आलाच नाही. खुर्चीच्या पाठीवर तसाच टेकून राहिला.

हॅमिल्टनला दहन झाले. त्या संध्याकाळी मंदाकिनीबाईंनी व्हरांड्यातल्या फळ्या पुसल्या, खुर्ची होती त्या जागी तांदळाचे पीठ चाळणीने पातळ पसरले, शेजारी दिवा ठेवला आणि दुरडी नव्हती म्हणून कपड्यांची वेताची टोपली वर पालथी घालून तिच्यावर दगड ठेवला. गावी हे काम घरातली कुणीही जाणती बाई करी, त्यात विशेष असे काही नसे. गेलेला जीव कोणत्या जन्माला गेला, त्याची खूण पिठावर उमटते. सकाळी ती बघायची आणि मग रडणे आवरते घ्यायचे. सुमेधाने आजोळी हे लहानपणी पाहिले होते आणि ती ते विसरूनही गेली होती.

सकाळी उना आली. या गावात मयताच्या घरी कुणी रिकाम्या हाताने जात नसे. तिच्या हातात कापडाखाली झाकलेला केक होता. ती पायऱ्या चढून वर आली त्याच वेळी मंदाकिनीबाईंनी टोपली उचलली. पिठावर पाखराच्या पायांची बारीक त्रिशूळे होती, एका कडेने येऊन मधेच थांबलेली. परत जाणारी नव्हती. मंदाकिनीबाई म्हणाल्या, पाखरू झाले, बरे झाले, गुडघ्यांचा त्रास सुटला. सुमेधाच्या मनात आले, की टोपलीच्या कडेखालून एखादी चिमणी शिरली असेल. मग तिने टोपलीवरून उतरवून ठेवलेला जड दगड पाहिला आणि तो विचार अर्धवटच सोडला.

उना केक हातात धरून तशीच उभी होती. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. तिची आजी आयर्लंडमध्ये जन्मलेली. ती वर्षातून एकदा, ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री, चुलीतली राख फळीने सपाट करून ठेवी, असे उनाने सुमेधाला सांगितले. सकाळी राखेवर पाऊल दिसले तर त्याची बोटे बघायची. बोटे दाराकडे असली तर घरातले कुणीतरी जाणार. बोटे आत असली तर कुणीतरी घरी येणार. राख कोरी असली तर काहीच नाही, घर आपले एकटे. ही गोष्ट उनाने स्वतःच्या मुलीलाही कधी सांगितली नव्हती. मुलगी हसली असती. सुमेधाने ती सासूबाईंना मराठीत सांगितली. त्यांनी ऐकून घेतले, मान डोलावली आणि उनाला बसायला खुर्ची दिली, पुरुषोत्तमरावांचीच. पुढचे तेरा दिवस उना रोज सकाळी येऊन त्या खुर्चीत बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, म्हणून कुणीही कुणाचे सांत्वन केले नाही. मंदाकिनीबाई नंतर म्हणत, की त्या दिवसांत तेवढाच काय तो आराम होता.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. अशा राखेच्या गोष्टी घरोघरी कुणाच्या ना कुणाच्या आजीच्या होत्या. लाजेने बाजूला सारलेल्या. पबच्या मालकाची बायको गेली तेव्हा तो स्वतः बोलवायला आला. काहीतरी दिसावे म्हणून तो रात्रभर जपमाळ ओढत बसला होता. सकाळी दुरडी उचलली तर पीठ पसरले होते तसेच. मंदाकिनीबाई म्हणाल्या, काही नाही. त्याचे ओठ थरथरू लागले तेव्हा शिक्षिकेने सुमेधाला बाजूला घेऊन विनवले, की एखादा छोटासा ठिपका दिसला एवढे तरी म्हणायला सांग. सुमेधाने सांगून पाहिले. सासूबाईंनी तिच्याकडे असे पाहिले, की अंगणवाडीत चड्डी ओली केलेल्या पोराला कसे वाटत असेल ते तिला कळले. जे नाही ते कसे सांगू, एवढेच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या एका घरी, जिथला म्हातारा शेजाऱ्यांच्या हद्दी खाण्यात आयुष्यभर गुंतला होता, पिठावर एक लांब नागमोडी रेघ निघाली. या देशात साप नाहीत. मंदाकिनीबाई म्हणाल्या, सरपटणारे आहे. पोरांनी एकमेकांकडे पाहिले आणि थोरला म्हणाला, चरातला लांबोडा ईल मासा झाला असेल म्हातारा, आता खुशाल सगळ्यांच्या कुंपणांखालून जाऊ दे. मयताच्या घरात हशा पिकला. महिन्यातून एकदा प्रार्थनेसाठी येणाऱ्या केरळच्या फादरांना कुणीतरी यावर मत विचारले. त्यांनी बराच वेळ चहा ढवळला आणि माझीही एक आजी होती, एवढे बोलून विषय बदलला.

अशा रीतीने गेल्या तीन-चार वर्षांत मंदाकिनीबाई किलब्रॅननच्या झाल्या. कुणाच्या घरी मयत झाले, की आधी घंटा वाजे, मग हॉलमध्ये सँडविचे कापली जात, आणि संध्याकाळी सुमेधाची गाडी त्या दाराशी लागे. मागच्या सीटवर पिठाचा डबा आणि खरीखुरी दुरडी, जी संग्रामने आता भारतातून आणवली होती.

मागच्या हिवाळ्यात उना पडली. पहाटेच्या धारेच्या वेळी संग्रामला ती तिच्याच घराच्या पायऱ्यांखाली सापडली, गारठून निळी, अंगात नुसता गाऊन. कुणी हाक मारली म्हणून मी खाली उतरले, असे ती म्हणाली. कुणी, हे संग्रामने विचारले नाही. इस्पितळातून ती परतली ती नजर आणखी मंद होऊन; समोरचे माणूस तिला आकाराने कळे, चेहऱ्याने नाही. घरही थकले होते. जमीन खचल्याने धुराडे भिंतीपासून सुटले होते, आणि तपासायला आलेल्या माणसाने चुलीवर पत्रा ठोकून ती कायमची बंद केली.

उनाची मुलगी मॉरीन रोटोटुनात राहते. नवे घर, अंगणात पायरीसुद्धा नाही, आईसाठी उन्हाची खोली तयार. ती दर रविवारी येई, दर रविवारी रडे आणि दर रविवारी एकटीच परत जाई. एकदा दवाखान्यात येऊन ती सुमेधाला म्हणाली, की पुढच्या वेळी संग्राम धारेला उशिरा निघाला तर माझी आई मेलेली सापडेल. आणि ती चराच्या किती जवळ सापडेल, एवढाच प्रश्न आहे. ते खरे होते, हे सुमेधाला माहीत होते.

शेवटी मायलेकींत एक करार झाला. या ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री उना आणखी एकदा खूण बघणार. आजीसारखी तीही दर वर्षी राख सपाट करी, आणि कधीतरी, डोळे बरे असताना, तिच्यावर तिला पाऊल दिसले होते, पुसट, बोटे आत असलेले. त्याच एका पावलावर ती इतकी वर्षे बसून होती. यंदा तसे दिसले तर ती मरेपर्यंत हे घर सोडणार नाही आणि मॉरीनने पुन्हा विषय काढायचा नाही. कोरे असले तर ती बॅग भरील. पण चूल बंद, राख नाही. म्हणून उना काठी टेकत सुमेधाच्या दारी आली.

मंदाकिनीबाईंनी साफ नकार दिला. पीठ मेलेल्यासाठी असते. ज्याचे मरण कुणी पाहिले नाही त्याच्यासाठी ते पसरणे म्हणजे आपल्या हाताने त्याला मारणे. शिवाय जीव जिथे गेला ती जागा लागते. स्वयंपाकघरात तो गेला नव्हता. सुमेधाने यातला एक शब्दही सौम्य न करता उनाला सांगितले. कुठेतरी तिला आशा होती, की म्हातारी भिऊन परत फिरेल.

उना काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होती. ती म्हणाली, "तो जिवंत असता तर एका नाताळला तरी त्याने फोन केला असता. मेला असेल तर त्याला सांगू दे. आणि त्याला काहीच सांगायचं नसेल, तर मी तरी कुणासाठी बसू? हिला विचार, हिच्या नवऱ्यासाठी मी बसले होते की नाही."

सुमेधाने हेही मराठीत सांगितले. मंदाकिनीबाईंनी उठून पिठाचा डबा खाली काढला.

त्या संध्याकाळी उजेड असतानाच तिघी उनाच्या स्वयंपाकघरात जमल्या. मागचे दार नेहमीप्रमाणे उघडे होते. तिथून आत आले की समोर जमिनीच्या फळ्या, डावीकडे पत्रा ठोकलेली चूल आणि पलीकडे उनाच्या झोपायच्या खोलीकडे जाणारा अरुंद बोळ. चुलीसमोरच्या फळ्यांवर मंदाकिनीबाईंनी पीठ चाळले. चाळणीच्या आवाजाखेरीज घरात काही ऐकू येत नव्हते. दिवा लावून, दुरडी पालथी घालून त्यांनी वर उनाचा बिडाचा जड तवा ठेवला. उना खोलीत जाऊन निजली. मंदाकिनीबाई निघताना दारात थांबल्या, चराकडे पाहिले आणि काहीतरी पुटपुटल्या. सुमेधाला वाटले, देवाचे नाव. मग तिच्या लक्षात आले, की त्या कुणाला तरी दटावत होत्या.

सकाळी धुके इतके दाट होते, की समोरासमोरच्या घरांमधले अंतर सुमेधाने कुंपणाला हात लावत कापले. उना खुर्चीत बसली होती, केस विंचरून, चर्चला जायचा स्वेटर घालून. दिवा विझला होता. तवा जागच्या जागी होता. मंदाकिनीबाई गुडघ्यांवर बसल्या, तवा बाजूला केला आणि दुरडी उचलली. सुमेधा त्यांच्या खांद्यामागून वाकली.

पिठावर एक पाऊल होते. अनवाणी, डावे, पुरुषाचे. टाच, तळव्याची कमान आणि पाचही बोटे स्वच्छ. पीठ उधळले नव्हते, दाबले गेले होते, आणि कडेने ते तपकिरी ओले झाले होते, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे. चरातल्या पाण्याचा रंग तसाच असतो. दुरडीबाहेरच्या फळ्या मात्र कोरड्या होत्या. कुणी तिथवर चालत आले नव्हते आणि कुणी तिथून गेलेही नव्हते. बोटे आत होती. नेमके सांगायचे तर ती बोळाकडे होती, ज्याच्या टोकाला उनाची खोली होती.

गावी अशी खूण निघाली असती तर सासूबाई म्हणाल्या असत्या, माणसाचा जन्म मिळाला, आणि घरातल्यांनी हात जोडले असते. पण इथे पाऊल म्हटले की पुढचा प्रश्न बोटांचा होता.

उनाने विचारलेही तेच. पाऊल आहे का, आणि असले तर बोटे कुठे. तिची मंद नजर त्या दोघींच्या पाठींवर टेकलेली होती.

मंदाकिनीबाईंनी उत्तराला वेळ लावला नाही. त्यांनी उजवा हात पसरला आणि पिठावरून पाटी पुसावी तसा फिरवला, एकदा उभा, एकदा आडवा. मग दुभाष्याची वाट न बघता स्वतःच्या मोडक्या इंग्रजीत त्या म्हणाल्या, "नथिंग. नो फूट. ओन्ली पीठ."

उनाने मान सुमेधाकडे वळवली. ज्या बाईने पबवाल्याच्या थरथरत्या ओठांसाठीसुद्धा एक ठिपका वाढवला नव्हता, तिच्या शब्दाला साक्षीची गरज नव्हती. तरीही म्हातारी थांबली होती. सुमेधाला सासूबाईंचा तळहात दिसत होता. तो तपकिरी ओला होता आणि त्यांनी तो पदराखाली घेतला.

"काहीच नाही," सुमेधा म्हणाली. "कोरं आहे."

उना खुर्चीत होती त्याहून लहान झाल्यासारखी वाटली. थोड्या वेळाने तिने चहा मागितला. चहा होईपर्यंत ती उघड्या दारातून धुक्याकडे तोंड करून बसली. अर्धा कप झाल्यावर ती म्हणाली, की आता मॉरीनला फोन लावायला हरकत नाही. आणि कुणीतरी ते दार लावा, फार वर्षे गार वारा येतो आहे.

दार सुमेधाने लावले. बिजागऱ्या गंजल्या होत्या, जोर लावावा लागला. आपण ते पुढे ओढतो आहोत आणि पलीकडून कुणीतरी ते ओढून धरले आहे, असे तिला एक क्षण वाटले. पीठ मंदाकिनीबाईंनी गोळा करून चरात सोडले, नळाखाली हात धुतला, परत धुतला, आणि घरी आल्यावर तिसऱ्यांदा धुतला. सुमेधाने काही विचारले नाही. विचारले असते तर आपण काय पाहिले ते आधी कबूल करावे लागले असते.

उना मॉरीनकडे राहायला गेली त्या दिवशी सारे गाव हॉलमध्ये जमले. टेरेन्सने तिला हाताला धरून गाडीत बसवले आणि चर मी बघत राहीन, असे तिच्या कानात सांगितले. मॉरीनच्या घरी ती बघता बघता सुधारली. दवाखान्यातून परतताना सुमेधा कधी तिच्याकडे डोकावे, तर ती उन्हात बसून शेजारच्या मुलांना नावाने हाका मारत असे. तिचे वजन वाढले. रात्री ती एका झोपेत सकाळ काढते, अशी मॉरीनची खबर होती. कोलमविषयी ती आता भूतकाळात बोले. माझा मुलगा उंच होता, असे ती म्हणे. पूर्वी ती माझा मुलगा उंच आहे, असे म्हणायची.

इकडे मंदाकिनीबाईंनी पीठ पसरणे सोडले. नाताळाआधी चर्चमागच्या घरी म्हातारी गेली तेव्हा बोलावणे आले, तर त्यांनी हात जोडले आणि दुरडी माळ्यावर टाकून दिली. गाव हळहळले. बाईची नजर गेली, असे कुणी म्हणाले. कुणी म्हणाले, कोलमने उत्तर दिले नाही म्हणून तिचे मन मोडले. त्या रोज सकाळी उनाच्या बंद घरी जाऊ लागल्या, तेही लोकांना चांगलेच वाटले. घर विकायला वेळ होता, किल्ली संग्रामकडेच होती. मंदाकिनीबाई तिथे बसून प्रार्थना करतात, असे शिक्षिका सर्वांना सांगे. टेरेन्सचेही म्हणणे होते, की रिकाम्या घराला माणसाची ऊब लागते.

सुमेधालाही ते पटले असते. पण घरातले कपडे ती धुई. तिला मशीनमध्ये फडकी सापडू लागली, जुन्या सुती साडीची फाडलेली, दर दिवसाचे एक. इथे उन्हाळा नाताळाच्या सुमाराला येतो; त्या उन्हाळ्यात पाऊस पडलाच नाही. कुरणे पिवळी पडली, चरांच्या तळाला भेगा गेल्या, टेरेन्सला कोरड्या चरात चालत उतरता येऊ लागले. फडकी मात्र ओली असत; आणि कितीही धुतली तरी त्यांच्यावरचा तपकिरी डाग जात नसे.

एके सकाळी सासूबाई फडके खांद्यावर टाकून निघाल्या तेव्हा सुमेधा त्यांच्याआधी दारात जाऊन उभी राहिली. तिने आधी विचारायला हवे होते ते सगळे एका दमात विचारले. त्या दिवशी खोटे का सांगितले? जन्मात कधी सांगितले नाही ते तेव्हाच का? कोलम उनाकडेच येत होता, तर तिला तेवढे सुख का दिले नाही? आणि आता, तिथे कुणीही राहत नसताना, रोज काय पुसायला जाता?

मंदाकिनीबाईंनी पायांत चपला सरकवल्या, सुनेला हाताने बाजूला केले आणि पायरी उतरता उतरता उत्तर दिले.

"पाऊल होतं, तूही बघितलंस. बोटं तिच्या खोलीकडं होती, तो यायला नव्हता निघाला, तिला न्यायला निघाला होता. अजून रोज उमटतं, रोज पुसते. तिला सांगशील तर याद राख."